गुणक पंधरा

घरातलं माणूस अपघातात गेलं की पंधरा-वीस दिवसांनी कुणीतरी विषय काढतंच, बहुतेक वेळा लांबचा नातेवाईक आणि तोही आवाज खाली आणून, की क्लेम टाकला का. मग एक जण म्हणतो पैसे घेऊन माणूस परत येणार आहे का, दुसरा म्हणतो नको आपल्याला मेलेल्याचा पैसा, तिसरा म्हणतो शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, आणि जिचा नवरा गेलाय ती गप्प बसून असते कारण तिच्या डोक्यात त्या वेळी घराचा हप्ता आणि शाळेची फी चालू असते. हे बोलणारे लोक वाईट नसतात. फक्त पुढच्या महिन्याचा किराणा त्यांना भरायचा नसतो.

माझा मावसभाऊ, आम्ही सगळे त्याला दादा म्हणायचो, रात्री काम संपवून गाडीवरून घरी येत होता आणि मागून टेम्पोने उडवला. पुढचं आमच्याकडेही वर लिहिलंय त्याच क्रमाने झालं. शेवटी वहिनीनेच मावशीला सांगितलं, मला लाज वाटत नाहीये आई, तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही सही करू नका. मावशीने सही केली. फाइल सांभाळायचं काम माझ्याकडे आलं कारण याला इंग्रजी येतं असा घरात माझा लौकिक आहे. मी वकील नाही, त्यामुळे इथे जे लिहितोय ते कोर्टाच्या बाकड्यावर बसून मोबाइलवर निकाल वाचत राहिलेल्या माणसाचं आहे, याला सल्ला समजू नका, सल्ला वकिलाकडून घ्या आणि लवकर घ्या. लवकर अशासाठी की मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने क्लेम अपघातापासून सहा महिन्यांत टाकायचा अशी मुदत घातली, ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली, आणि आपल्याकडे सहा महिने तर नुसतं "आधी पोलीस केसचं काय होतंय ते बघू" म्हणण्यातच जातात. त्या दोन केसेसचा तसा एकमेकींशी संबंध नसतो. ड्रायव्हरवरचा खटला सरकार चालवतं, त्यात संशयाचा फायदा मिळून तो सुटला तरी क्लेम बुडत नाही. क्लेममध्ये एवढंच बघतात की चूक कुणाची असण्याची शक्यता जास्त दिसते.

माणूस मेला म्हणून भरपाई मागता येते ही कल्पनाच फार जुनी नाही, हे मला या फाइलच्या निमित्ताने कळलं. आपलं हे सगळं ज्या इंग्रजी कायद्यातून आलं तिथे १८०८ साली एक केस झाली. घोड्यांची प्रवासी गाडी उलटली, तिच्यात दारूचं दुकान चालवणारा एक माणूस आणि त्याची बायको होती, ती महिन्याभराने हॉस्पिटलमध्ये वारली. नवरा कोर्टात गेला आणि म्हणाला की माझा तिच्यावर जीव होता आणि माझा धंदाही ती सांभाळायची. लॉर्ड एलनबरो नावाच्या न्यायाधीशांनी सांगितलं की दिवाणी कोर्टात माणसाच्या मृत्यूबद्दल नुकसान झालं म्हणून तक्रारच करता येत नाही. त्याला १०० पौंड मिळाले, पण ते त्याच्या स्वतःच्या दुखापतीचे आणि ती जिवंत होती त्या महिन्याचे. ती गेली त्या क्षणी याचं नुकसानही संपलं, कायद्याच्या लेखी. म्हणजे गाडीवाल्याच्या दृष्टीने प्रवाशाला कायमचं लंगडं करण्यापेक्षा जीवे मारणं स्वस्त पडत होतं, आणि हे असं पुढे ३८ वर्षं चाललं.

मधल्या काळात रेल्वे आली, माणसं घाऊक मरायला लागली. तेव्हा ज्युरीवरच्या साध्यासुध्या लोकांनी एक मध्ययुगीन नियम उकरून काढला. ज्या वस्तूमुळे माणूस मेला ती वस्तू राजाकडे जमा, मग तो बैल असो नाहीतर गाडीचं चाक. हा नियम त्यांनी रेल्वेच्या इंजिनांना लावायला सुरुवात केली आणि इंजिनाची किंमत म्हणून मोठमोठ्या रकमा ठोकल्या. मला हे लोक फार आवडतात. कायद्यात जागा नाही म्हणून गप्प बसले नाहीत, असलेल्या गंजक्या हत्याराने मारलं. १८४६ साली पार्लमेंटने तो जुना नियम रद्द केला आणि त्याच वर्षी लॉर्ड कॅम्पबेल यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा आला, की दुसऱ्याच्या चुकीने माणूस मेला तर त्याच्या बायकोला, नवऱ्याला, आईवडिलांना, मुलांना दावा करता येईल. भारतात तो १८५५ मध्ये आला, फेटल अ‍ॅक्सिडेंट्स अ‍ॅक्ट, चारपाच कलमांचा छोटासा कायदा, आणि तो आजही चालू आहे. भिंत पडून, लोंबकळणाऱ्या वायरचा शॉक बसून, उघड्या चेंबरमध्ये पडून कुणी गेलं आणि दिवाणी दावा लावायचा झाला तर तोच उपयोगी पडतो, मुदत मृत्यूपासून दोन वर्षं. रस्त्यावरच्या अपघातांसाठी वेगळं ट्रिब्युनल असतं आणि तिथे वारसांची व्याख्याही बरीच सैल आहे. १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टाने मयताच्या भावालाही क्लेम करता येतो म्हटलं आणि २०२१ मध्ये तर जावयाकडे राहणाऱ्या सासूलाही. कोण कुणावर जगत होतं हे शेवटी घरात बघितल्याशिवाय कळत नाही, हे निदान तिथे मान्य झालंय.

पण दावा करता येतो म्हणजे कशाचा करता येतो, तर पैशाच्या नुकसानीचा. दुःखाचे पैसे मिळणार नाहीत हे इंग्लंडच्या कोर्टाने १८५२ मध्येच सांगून टाकलं होतं, आणि तेव्हापासून हा सगळा कारभार एका वाक्यावर उभा आहे, की गेलेला माणूस घरात किती आणत होता आणि त्यातलं किती इतरांसाठी होतं. वहिनीची फाइल मी पहिल्यांदा उघडली तेव्हा त्यात एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, इन्क्वेस्ट पंचनामा, पोस्टमॉर्टेम रिपोर्ट, टेम्पोच्या इन्शुरन्सची झेरॉक्स असं सगळं पोलिसांकडून आलेलं होतं, म्हणजे दादा कसा मेला याचे कागद भरपूर होते. तो जगत कसा होता याचा कागद एकही नव्हता.

तो मोटार रिवाइंडिंग करायचा. पाण्याच्या मोटारी, पंखे, मिक्सर, कधी वेल्डिंग मशीन. इन्कम टॅक्स रिटर्न कधी भरलं नव्हतं, भरावं लागेल इतकं उत्पन्न आहे असं त्याला वाटतच नव्हतं. होती ती एक लांबट वही, लाल कापडी पुठ्ठ्याची. तारीख, नाव, मोटार किती एचपीची, तांब्याची तार किती लागली, मजुरी, आणि शेवटच्या रकान्यात "आले" किंवा "बाकी". काही पानांवर ग्रीसचे अंगठे. काही नावांपुढे फक्त "शेजारी" किंवा "मास्तरांचा भाचा" असं. वकिलांनी ती वही चाळली, मिटली आणि म्हणाले, माणूस प्रामाणिक होता हे दिसतंय पण हे सिद्ध कसं करणार, अक्षर त्याचं आहे हे वहिनी सांगतील, पैसे खरंच आले हे कोण सांगणार. मग आम्ही गिऱ्हाइकं शोधत फिरलो. लोकांना वाईट वाटत होतं, चहा पाजायचे, आठवणी सांगायचे, आणि साक्षीला याल का विचारलं की म्हणायचे कोर्टबिर्ट नको राव. एक जण आला. त्याच्यापेक्षा जास्त उपयोग झाला तो दादाच्या बँकेच्या स्टेटमेंटचा, कारण शेवटची दोनतीन वर्षं बरेच लोक मोबाइलवरून पैसे टाकायला लागले होते आणि वहीतल्या "आले" समोर बँकेत तीच रक्कम त्याच तारखेला सापडत गेली. त्या जुळवणीत माझे कितीतरी रविवार गेले आणि खरं सांगायचं तर बरे गेले.

वयाची भानगड वेगळीच. आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी होती, जशी निम्म्या जगाची असते, आणि त्यावरून वय येत होतं ४१. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून येत होतं ३८. वहिनी म्हणाली तीन वर्षांनी काय होतंय. तर बरंच होतं, ते सांगतो.

२००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरला वर्मा निकालात एक तक्ता दिला, त्याआधी आकडे कोर्टागणिक वेगवेगळे लागायचे. वर्षाचं उत्पन्न घ्यायचं, त्यातून माणूस स्वतःवर जे खर्च करत असेल ते वजा करायचं, उरलेल्याला वयाप्रमाणे गुणकाने गुणायचं. पंचविशीपर्यंत गुणक १८, मग वय वाढेल तसा उतरत जातो, पासष्टच्या पुढे ५. वजावटही ठरलेली, अवलंबून असणारे दोन-तीन असतील तर एक तृतीयांश, चार ते सहा असतील तर पाव, लग्न न झालेला असेल तर थेट निम्मी, कारण एकटा माणूस स्वतःवर जास्त उडवतो असं गृहीत. मग २०१७ मध्ये प्रणय सेठी निकालात पाच न्यायाधीशांनी सांगितलं की माणसाची पुढे प्रगती झाली असती हेही धरा, स्वतःचा धंदा करणारा चाळिशीच्या आतला असेल तर उत्पन्नात ४० टक्के वाढवा, चाळीस ते पन्नास असेल तर २५.

आता दादाचा हिशेब. आम्ही उत्पन्न महिना २८,००० मागितलं होतं, ट्रिब्युनलने १५,००० धरलं. वर्षाचे १,८०,०००. त्यात ४० टक्के वाढवून २,५२,०००. अवलंबून चार जण, वहिनी, दोन मुलं, मावशी, म्हणून पाव वजा, राहिले १,८९,०००. वय ३८ म्हणून गुणक १५, झाले २८,३५,०००. आणि आधारवरचं ४१ धरलं असतं तर वाढ २५ टक्केच, गुणक १४, म्हणजे २३,६२,५००. फरक पावणेपाच लाखांचा, एका १ जानेवारीपायी. इन्शुरन्स कंपनीचा वकील अर्थातच आधार धरून बसला होता. सुदैवाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशाच एका अपघाताच्या केसमध्ये सांगितलं की वय ठरवायला आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला धरावा, आणि आमच्या वकिलांनी त्या निकालाची प्रत फाइलला लावली.

मला बरेच जण म्हणाले की हे किती निर्दय आहे, माणसाचं असं गणित मांडायचं. मला तसं वाटत नाही, म्हणजे आता वाटत नाही. गणित निर्दय असतं तर ते कंपनीला गैरसोयीचं वाटलं नसतं. तक्ता यायच्या आधी बाईने कोर्टात किती रडावं आणि साहेबांचा मूड कसा असावा यावर बरंच काही ठरत असणार. त्या आकड्यात दादा कुठेही नाही हे मला मान्यच आहे, पण त्याची दोन पोरं आहेत, आणि पैसा नको म्हणण्याच्या मोठेपणाचा या जगात एकाच पार्टीला फायदा होतो, जिने टेम्पोचा प्रीमियम घेतलेला असतो.

निर्दय म्हणायचं तर उलटतपासणी. ती मी जवळून बघितली. वहिनी पिंजऱ्यात उभी, पदराचं टोक मुठीत, आणि समोरचा वकील अगदी सभ्य आवाजात विचारतोय, तुमच्या पतींना तंबाखूची सवय होती का, महिन्याला साधारण किती लागायचे, मित्रांबरोबर बाहेर जायचे का, स्वतःसाठी कपडे वगैरे घ्यायचे का. वजावट फिक्स असताना हे विचारायची गरज काय हे मला तेव्हा कळलं नाही आणि आताही नीट कळलेलं नाही, बहुधा हातात आहे तेवढं सगळं वाजवून बघायची सवय असावी. वहिनी म्हणाली, दोन वर्षांत एक शर्ट घेतलाय, तो पण मीच घेतला होता. पुढचा प्रश्न, हेल्मेट होतं का. होतं, पंचनाम्यात लिहिलंय. पुढचा, एलआयसीचे पैसे मिळाले का. मिळाले, थोडे. हे ऐकून मागच्या बाकड्यावर मावशी दचकली, तिला वाटलं आता ते क्लेममधून कापणार. कापत नाहीत. नवऱ्याने स्वतः हप्ते भरून घेतलेल्या पॉलिसीचा फायदा अपघात करणाऱ्याला देता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने १९९८ मध्येच सांगितलंय. पण विचारायला कुणी बंदी केलेली नाही.

त्या दिवशी बाहेर आल्यावर वहिनीने वकिलांना एक प्रश्न विचारला जो मी विसरू शकत नाही. म्हणाली, यांच्या जागी मी गेले असते तर किती लागले असते हो? वकील जरा गडबडले. म्हणाले, तुम्ही गृहिणी ना, मग बघावं लागेल.

मग मी तेही बघत बसलो आणि तिथे मात्र हा कायदा खरंच उघडा पडलेला दिसला. १९९४ मध्ये मोटार वाहन कायद्याला जो तक्ता जोडला त्यात कमाई नसलेल्या माणसाचं उत्पन्न वर्षाला १५,००० धरायचं असं होतं, आणि घरी असलेल्या बायकोचं, कमावत्या नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांश. म्हणजे तीच बाई, तेच काम, नवरा साहेब असेल तर किंमत जास्त आणि हमाल असेल तर कमी. त्याच्या आधी, १९८९ च्या मार्चमध्ये जमशेदपूरला एका कंपनीच्या समारंभात आग लागली, त्यात बायका आणि मुलंच जास्त गेली. भरपाई किती हे ठरवायला सुप्रीम कोर्टाने निवृत्त सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांना नेमलं, त्यांनी गृहिणीचं काम वर्षाला १२,००० रुपयांचं धरलं. २००१ मध्ये कोर्टाने ते महिना ३,००० केलं, चौतीस ते एकोणसाठ वयाच्या बायकांसाठी. २०१० मध्ये आणखी एका केसमध्ये न्यायमूर्ती गांगुली यांनी दाखवून दिलं की २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायकांना काम न करणाऱ्यांच्या गटात टाकलंय आणि त्याच गटात भिकारी आणि कैदी आहेत. आणि जानेवारी २०२१ मध्ये दिल्लीतलं एक जोडपं मोटरसायकलवर जाताना गेलं, मागे दोन लहान मुली, त्या केसमध्ये न्यायमूर्ती रमणा यांनी सरकारी पाहणीतला आकडा निकालात लिहिला, की घरच्यांसाठी बिनपगारी घरकामात बाई दिवसाला २९९ मिनिटं देते आणि पुरुष ९७. आणि सांगितलं की गृहिणीच्याही उत्पन्नात पुढची वाढ धरायची.

हे मी वहिनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली २९९ मध्ये यांचा वर्कशॉपचा डबा धरलाय का. मग मला १८०८ चा तो दारूवाला आठवला. बायको माझा धंदा सांभाळायची असं त्याने दोनशे वर्षांपूर्वी सांगितलं होतंच की. दादाची ती वही, तिच्यातली "बाकी" वसूल कोण करायचं? वहिनीच फोन लावायची, दादाला तोंड उघडून पैसे मागता यायचे नाहीत. ते १५,००० एकट्या दादाचे कोर्टाने धरले आणि आम्हीही धरले, कारण क्लेम त्याचा होता.

बाकी जगात काय करतात याची उत्सुकता होती म्हणून थोडं वाचलं. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ नंतर सरकारने फंड काढला आणि केनेथ फाइनबर्ग नावाच्या वकिलाला नेमलं. अट अशी की फंडातून पैसे घेतले तर विमान कंपन्यांवर दावा लावायचा नाही. गेलेल्यांपैकी सुमारे ९७ टक्के लोकांची घरं फंडाकडे आली. प्रत्येकामागे दुःखाचे अडीच लाख डॉलर सारखे, वर जोडीदार आणि प्रत्येक अवलंबितामागे एक लाख, पण कमाईचं नुकसान मात्र ज्याचं त्याचं वेगळं, त्यामुळे कुणाला अडीच लाख तर कुणाला सत्तर लाखांच्या वर. त्याच इमारतीत भांडी घासणारा आणि त्याच इमारतीत शेअर विकणारा. फाइनबर्गने नंतर स्वतःच म्हटलं की परत असं काही करायची वेळ आली तर सगळ्यांना सारखीच रक्कम द्यावी.

सारखी रक्कम आपल्याकडे रेल्वेत आहे. गाडीतून पडून किंवा रेल्वे अपघातात प्रवासी गेला तर २०१७ पासून ८ लाख, साहेब असो की फेरीवाला. फक्त तो प्रवासीच होता हे दाखवावं लागतं, आणि मेलेल्या माणसाच्या खिशातलं तिकीट पंचनाम्यापर्यंत कितीदा टिकत असेल हा विचार करून बघा. २०१८ मध्ये कोर्टाला सांगावं लागलं की नुसतं तिकीट सापडलं नाही म्हणून तो फुकट्या ठरत नाही. आणि दिल्लीतल्या उपहार सिनेमा थिएटरची आग, १३ जून १९९७, ५९ माणसं. हायकोर्टाने २००३ मध्ये म्हटलं बाल्कनीचं तिकीट काढणाऱ्याचं उत्पन्न महिना १५,००० तरी असणारच, आणि वीस वर्षांवरच्यांना १८ लाख, खालच्यांना १५ लाख दिले. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो तर्क मान्य केला नाही आणि १० लाख आणि साडेसात लाखांवर आणलं. त्या आगीत मुलं गमावलेल्या पालकांनी पैशासाठी इतकी वर्षं कोर्टात काढली नव्हती हे सगळ्यांना माहीत आहे, पण दाव्याची भाषा पैशाचीच असते, दुसरी भाषा त्या टेबलावर चालत नाही.

भोपाळच्या वायुगळतीबद्दल थोडक्यात लिहितो नाहीतर हा लेख संपणार नाही. १९८५ मध्ये कायदा करून सरकारने सगळ्या पीडितांच्या वतीने दावा करायचा हक्क स्वतःकडे घेतला. १४ फेब्रुवारी १९८९ ला ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली, घरच्यांना न विचारता. नंतर रक्कम वाढवून मिळावी म्हणून सरकारच कोर्टात गेलं आणि मार्च २०२३ मध्ये ते फेटाळलं गेलं. फाइल दुसऱ्याच्या हातात गेली की काय होतं हे मला त्यातून दिसतं. आमच्या वहिनीने प्रत्येक तारखेला स्वतः यायचा हट्ट धरला, वकील म्हणायचे ताई दरवेळी यायची गरज नाही, तरी यायची. लोक अदालतीत कंपनीने एकदा आकडा सांगितला, तेव्हा सगळं घर "घेऊन टाक" म्हणत होतं, तिने कागदावर तो वर लिहिलेला गुणाकार स्वतः करून बघितला आणि नाही म्हणाली. (जाता जाता, भरपाईतला टक्का फी म्हणून घ्यायला आपल्याकडे वकिलाला बार कौन्सिलच्या नियमाने मनाई आहे. अमेरिकेत एक तृतीयांश घेणं सर्रास चालतं. तुमच्याकडे कुणी टक्क्याने बोललं तर निदान हे माहीत असू दे.)

दुःखाचे पैसे अगदीच नाहीत असंही आता राहिलेलं नाही. प्रणय सेठी निकालात सहवास गमावल्याचे ४०,००० ठरले, दर तीन वर्षांनी १० टक्के वाढीसकट, आणि २०१८ पासून ते मुलांना आणि आईवडिलांनाही मिळतात. इंग्लंडमध्ये अशी रक्कम १९८२ च्या कायद्याने आली, २०२० पासून ती १५,१२० पौंड आहे, पण ती जोडीदाराला आणि अज्ञान मुलाच्या पालकांना. बाप गेला तर पोराला त्यातलं काही नाही. आमच्याकडे धाकट्याने विचारलं होतं की हे चाळीस हजार कशाचे, तर मावशी म्हणाली ते बाबांच्या नावचे, आणि विषय बदलला.

एक प्रश्न राहिला. उलटतपासणीच्या शेवटी त्या वकिलाने घसा साफ करून विचारलं, तुमचं वय कमी आहे, पुन्हा लग्न करण्याचा विचार आहे का. हे काही त्याच्या मनचं नव्हतं. इंग्लंडच्या कोर्टात विधवेच्या पुन्हा लग्नाची शक्यता धरून तिची भरपाई कमी करायचे, म्हणजे न्यायाधीशाने बाईकडे बघून अंदाज बांधायचा, अशी पद्धत १९७१ मध्ये कायदा बदलेपर्यंत राजरोस होती. इकडे मुंबई हायकोर्टाने २०२३ मध्ये एका कंपनीच्या अपिलात स्पष्ट सांगितलं की नवऱ्याची भरपाई मिळावी म्हणून बाईने जन्मभर विधवा राहावं अशी अपेक्षा करता येणार नाही. तरी प्रश्न येतो. आमचे वकील हरकत घ्यायला उठले, साहेबांनी हात वर केला, म्हणाले उत्तर द्यायची गरज नाही. मावशी माझ्या शेजारी बसली होती, तिने श्वास धरलेला मला ऐकू येत होता.

वहिनी म्हणाली, ठरलं की कळवते.

टायपिस्टने ते टाइप केलं नाही. पण मावशी रिक्षात बसल्यावर बराच वेळ हसत होती, आणि मग म्हणाली, कळवायचं आधी मला, त्यांना नंतर. कंपनी आता अपिलात गेलीये, मुद्दा अर्थातच वयाचा, आणि मुलांच्या नावची रक्कम ती सज्ञान होईपर्यंत एफडीत राहणार आहे. पुढची तारीख पावसाळ्यानंतरची आहे.